ओपन सोर्सचं डॉक्युमेंटेशन: आधी करून बघ, मग लिही

प्रश्न असा होता: “मावशी, मी रावपुऱ्यात एका सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. आमच्याकडे सगळ्या कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस आहे. इतकी वर्षं फुकट वापरतोय, तर आपणही काहीतरी द्यावं असं वाटतं. पण मला कोडिंग येत नाही आणि इंग्रजी कामापुरतंच आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये मदत करता येते म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं?”

विचारणारी माझ्या भाचीची मैत्रीण. बडोद्यात सुरसागर तलावाला फेरी मारताना तिनं विचारलं आणि मी चालता चालता अर्धंमुर्धं उत्तर दिलं. घरी आल्यावर वाटलं, की याच प्रश्नावर अडलेले आणखी कितीतरी जण असतील. म्हणून आता नीट बसून लिहितेय.

मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी १६ वर्षं मॅन्युअलं लिहितेय. गेली काही वर्षं संध्याकाळी ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरची मदतपानं तपासते, दुरुस्त करते, थोडी मराठीत आणते. डॉक्युमेंटेशन म्हणजे हेच काम. दोन्हीकडे एकच अनुभव आला. या कामात लिहिणं थोडं असतं आणि करून बघणं फार. एखाद्या पानावर सात पायऱ्या दिल्या असतील, तर त्या सातही स्वतःच्या हातानं करायच्या, आणि जिथे पान एक सांगतं नि पडद्यावर दुसरंच दिसतं तिथे थांबायचं. तेवढं जिला जमतं तिला कोडिंग आलं नाही तरी चालतं.

गिटहब ही सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या फायली ठेवायची वेबसाइट. तिनं २०१७ साली ओपन सोर्सवाल्यांचं एक सर्वेक्षण केलं होतं. त्यात ९३ टक्के लोकांनी सांगितलं, की अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन त्यांच्या वाट्याला आलेलं आहे. त्याच सर्वेक्षणात, हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्के जण डॉक्युमेंटेशनच्या वाटेला क्वचित जातात किंवा जातच नाहीत, असंही दिसलं. म्हणजे दुखतंय सगळ्यांना, पण औषध द्यायला माणसं कमी. तुझ्यासारखीची गरज आहे का, ही शंका मनातून काढून टाक.

आता तुझ्याच अडचणीपासून सुरू करू. तू म्हणालीस, की लिब्रेऑफिसच्या कॅल्क या हिशेबाच्या तक्त्यात तुला १२,३४,५६७ हवं असताना १,२३४,५६७ दिसायचं. मग तू स्वल्पविराम हातानं द्यायला लागलीस. ते आकडे सेलच्या डाव्या बाजूला चिकटले आणि बेरजेत आलेच नाहीत. दोन दिवस ताळा जमेना. शेवटी ऑफिसातल्या कुणीतरी दाखवलं, की सेल निवडून कंट्रोल आणि १ दाबायचं, नंबर्सच्या टॅबमध्ये भाषेच्या खान्यात इंग्लिश इंडिया निवडायचं, थाउजंड्स सेपरेटरवर खूण करायची. लाख-कोटी जागच्या जागी येतात.

यात काय काय घडलं ते बघ. कॅल्कमध्ये बिघाड काहीच नव्हता. आकड्यांचे गट तीन-तीनचे पाडायचे की आपल्यासारखे आधी तीन आणि मग दोन-दोनचे, हे ते निवडलेल्या भाषा-देशावरून ठरवतं. तू हातानं दिलेले स्वल्पविराम अमेरिकन पद्धतीत बसत नव्हते, म्हणून तो आकडा त्याच्या लेखी नुसता मजकूर होता, आणि बेरीज मजकूर सोडून देते. हे सगळं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांना एवढंच ठाऊक नाही, की रावपुऱ्यातली एक मुलगी लाखाचा स्वल्पविराम हातानं देईल. जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये बसलेल्या माणसाला लाख नावाचा गट असतो हे रोजच्या कामात कधी भेटतच नाही. ही माहिती फक्त तुझ्याकडे आहे.

आणि ती फार दिवस राहणार नाही. आज तुला तो रस्ता कळला. महिन्याभरानं तुझी बोटं आपोआप कंट्रोल आणि १ दाबतील आणि कधीकाळी आपण इथे अडलो होतो हेही तू विसरशील. माझं तसंच होतं. व्हॉल्व्हच्या मॅन्युअलमध्ये मी १६ वर्षांत जे गृहीत धरायला लागले, ते मला नवा पोरगा कामावर आला की त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणून एक साधी वही ठेव. अडलीस की त्याच क्षणी चार ओळी लिही: काय करत होते, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती. लिब्रेऑफिसमध्ये हेल्पच्या मेनूत सगळ्यात शेवटी अबाउट लिब्रेऑफिस असतं, तिथे आवृत्तीचा आकडा मिळतो. विंडोज आहे की लिनक्स, तेही लिही. आवृत्ती लिहिली नाही तर पुढचं सगळं लिहिणं निम्मं वाया जातं. कारण मेनूंची नावं बदलत राहतात. संपूर्ण लिब्रेऑफिससाठी देश ठरवायची जागा जुन्या आवृत्त्यांत टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेज सेटिंग्ज, लँग्वेजेस अशी होती. नव्यात तीच लँग्वेजेस अँड लोकॅल्स, जनरल अशी झाली. जुन्या पानावरून शिकणारा माणूस नव्या पडद्यासमोर ते नाव शोधत बसतो आणि शेवटी स्वतःलाच दोष देतो. असं एक नाव बदलून देणं हेही पूर्ण, मानाचं योगदान आहे.

वहीतली नोंद पुढे कुठे न्यायची? लिब्रेऑफिसपुरतं सांगते, कारण तू तेच वापरतेस. त्यामागे द डॉक्युमेंट फाउंडेशन नावाची संस्था आहे. २०१० साली तिची घोषणा झाली आणि तिची नोंदणी जर्मनीत आहे. डॉक्युमेंटेशनचं काम तिथे ढोबळमानानं दोन जागी चालतं. एक म्हणजे एफ-वन दाबल्यावर उघडणारी मदतपानं. दुसरं म्हणजे गाइड, म्हणजे रायटर, कॅल्क, इम्प्रेस वगैरेंची पुस्तकं. मदतपानांच्या मूळ फायली एक्सएमएलमध्ये असतात आणि त्यांतले बदल गेरिट नावाच्या तपासणीच्या व्यवस्थेतून जातात. तिथे पहिल्याच दिवशी जायची घाई करू नकोस. त्या पानात चूक दिसली तर बगझिला या चुका नोंदवायच्या साइटवर डॉक्युमेंटेशन या विभागाखाली नोंद कर. तुझ्या चार ओळी तिथे जशाच्या तशा बसतात.

गाइड मात्र तुझ्यासाठीच आहेत असं म्हणेन. त्यांचं प्रत्येक प्रकरण ही रायटरचीच फाइल असते. बदलांची नोंद चालू ठेवून त्यात दुरुस्त्या करायच्या, समासात शेरे द्यायचे, आणि फाइल टीमकडे परत द्यायची. ऑफिसात तू साहेबांचा ड्राफ्ट तपासतेस, अगदी तसंच. नवी आवृत्ती आली की प्रत्येक प्रकरण कुणीतरी पडद्याशी पडताळून बघावं लागतं. कॅल्क गाइडचं एक प्रकरण घे, शेजारी कॅल्क उघड, आणि ओळीओळीनं करत जा. इंग्रजी कामापुरतं असणं इथे आड येत नाही, उलट उपयोगी पडतं. जे वाक्य तुला दोनदा वाचावं लागलं, ते जगातल्या लाखो वाचकांना दोनदा वाचावं लागत असणार, कारण इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नाही. त्या वाक्याखाली “हे मला कळलं नाही” एवढा शेरा दिलास तरी लिहिणाऱ्याला पुरतो.

एक गोष्ट अगदी जपून कर. तू सीएच्या ऑफिसात आहेस. तुझ्या पडद्यावर लोकांची नावं, पॅन नंबर, जीएसटी नंबर, उलाढाली असतात. स्क्रीनशॉट काढताना खरी फाइल कधीच उघडी नको, धूसर करूनही नको. कोपऱ्यातल्या फाइलच्या नावातसुद्धा पार्टीचं नाव असतं. “अबक ट्रेडर्स”, “कखग स्टोअर्स” अशा खोट्या नावांची आणि मनानं घेतलेल्या आकड्यांची एक फाइल घरी बनव आणि सगळं तिच्यावरच करून बघ. माझ्या कामातही गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग बाहेर जात नाही, त्याऐवजी नमुन्याचं ड्रॉइंग असतं. तसंच ऑफिसच्या ट्रेनिंग नोट्समधला किंवा एखाद्या क्लासच्या पुस्तकातला मजकूर उचलून टाकायचा नाही. लिब्रेऑफिसची गाइड जीपीएल आणि क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्यांखाली निघतात. म्हणजे ती कुणीही छापावीत, वाटावीत, बदलावीत, फक्त परवान्याच्या अटी पाळाव्यात. दुसऱ्याचा मजकूर असा मोकळा करून देण्याचा अधिकार आपल्याला नसतो.

आपल्या नावाचीही काळजी घे. या कामात तुझं नाव आणि ईमेल बदलाच्या इतिहासात राहतात आणि तो इतिहास सांभाळणाऱ्या गिटमध्ये एकदा गेलेली नोंद व्यवहारात पुसता येत नाही. यासाठी वेगळा ईमेल काढ. गिटहबवर ईमेल झाकून ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती पहिल्याच दिवशी चालू कर.

गिटहबचा विषय निघालाच आहे, तर ते वापरायला वाटतं तितकं कठीण नाही. अनेक प्रकल्पांची मदतपानं तिथे साध्या मजकुराच्या फायलींमध्ये असतात. वेबसाइट बनवणाऱ्या सगळ्यांचा आधार असलेल्या एमडीएन या माहितीच्या साइटचा मजकूर डिसेंबर २०२० मध्ये तिथे गेला. खातं उघडलं की फाइलवर पेन्सिलचं चिन्ह दिसतं. ते दाबलं की तुझ्या नावानं त्याची प्रत निघते, तीत बदल करायचा, काय बदललं ते एका ओळीत लिहायचं आणि पुल रिक्वेस्ट पाठवायची. पुल रिक्वेस्ट म्हणजे “मी असा बदल केलाय, बघून घ्या आणि पटला तर आत घ्या” असा अर्ज. मार्कडाउन नावाची खुणांची पद्धत लागते. शीर्षकापुढे हॅशचं चिन्ह, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारांकनं (*), एवढ्यावर पहिला महिना निघतो. कोडिंगची भीती घालणारं त्यात काही नाही.

भीती घालायला हवी ती वेगळ्या गोष्टीची. मी पहिल्यांदा पुल रिक्वेस्ट केली ती एका लहानशा टूलसाठी, आणि तीत ४३ बदल केले होते. स्पेलिंगं, स्वल्पविराम, शीर्षकं, आणि मधेच कुठेतरी दोन चुकीच्या कमांड. तीन आठवडे कुणी काहीच बोललं नाही. मग मेंटेनरनं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यानं, अगदी सभ्यपणे लिहिलं, की त्या दोन कमांड वेगळ्या करून पाठवा, आज घेतो. मी पाठवल्या आणि त्याच दिवशी त्या आत गेल्या. उरलेल्या ४१ पैकी बहुतेक चुकाच नव्हत्या. प्रकल्पानं अमेरिकन स्पेलिंग ठरवलं होतं आणि मी आपल्या शाळेतलं ब्रिटिश लावत बसले होते. त्यांच्या शैलीचे नियम एका फाइलमध्ये लिहिलेले होते आणि मी ते वाचले नव्हते. तेव्हापासून दोन सवयी लागल्या. हात लावण्याआधी कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल शेवटपर्यंत वाचायची, आणि एका अर्जात एकच गोष्ट पाठवायची. तपासणाराही आपल्यासारखाच दिवसभराचं काम संपवून बसलेला असतो. पाच मिनिटांत बघून होईल एवढंच त्याच्यापुढे ठेवलं तर तो बघतो.

अर्थाशिवायच्या बदलांनी या माणसांना किती त्रास होतो, ते २०२० च्या ऑक्टोबरात दिसलं होतं. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावायच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट मिळायचा. कितीतरी लोकांनी प्रकल्पांच्या रीडमी, म्हणजे ओळख करून देणाऱ्या, फायलींमध्ये “अमेझिंग प्रोजेक्ट” असले शब्द घुसवून अर्जांचा ढीग लावला. मेंटेनर इतके वैतागले, की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांना सामील व्हायचंय तेच धरायचे, असं ठरलं. यात आपल्या देशातली मुलं बरीच होती, याचं मला खरोखर वाईट वाटलं. शिकायची हौस होती, पण करून बघायचं कुणी सांगितलं नव्हतं.

एआयचंही इथेच सांगते, कारण तू विचारशीलच. पायऱ्या लिहून द्यायला ते पटकन देतं, आणि नसलेल्या मेनूचं नावही तितक्याच आत्मविश्वासानं देतं. जेंटू लिनक्सनं तर एप्रिल २०२४ मध्ये एआयनं बनवलेलं योगदान घ्यायचंच नाही असा ठराव केला. जिथे मनाई असेल तिथे वापरू नकोस. जिथे नसेल तिथेही स्वतः हातानं न केलेली एकही पायरी पुढे पाठवू नकोस. इंग्रजी वाक्याचं व्याकरण बघून घ्यायला हरकत नाही, पण वाक्यातली गोष्ट तुझ्या पडद्यावर घडलेली असली पाहिजे.

थोडा सराव झाल्यावर नवीन पान लिहावंसं वाटेल. तेव्हा एक भेद लक्षात ठेव. दानिएले प्रोचिदा यांनी डायटॅक्सिस नावाची मांडणी केली आहे. तिच्यात डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार सांगितलेत. मला ते आमच्या शॉपफ्लोअरवर दिसतात. आयटीआयमधून नुकता आलेला मुलगा, त्याला शेजारी उभं राहून पहिला व्हॉल्व्ह खोलून परत बसवायला शिकवायचं, हे झालं ट्युटोरियल. रात्रपाळीचा फिटर, ग्लँडमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगच्या जागेतून, गळती सुरू आहे, त्याला शिकायचं नाहीये, गळती थांबवायची आहे. त्याला हवा तो मार्गदर्शक, मोजक्या पायऱ्यांचा. भिंतीवरचा टॉर्कचा तक्ता म्हणजे संदर्भ. त्यात एकही वाक्य जास्तीचं नको. आणि ग्लँड गरजेपेक्षा जास्त आवळली तर स्पिंडल जड का फिरतो आणि पॅकिंग लवकर का झिजतं, हे निवांत वाचायचं ते स्पष्टीकरण.

बहुतेक पानं बिघडतात ती या चारांची खिचडी झाल्यामुळे. रात्री दोन वाजता गळती थांबवायला आलेल्या फिटरला पॅकिंगचा इतिहास वाचायला लावला, तर तो मॅन्युअल बाजूला ठेवून पाना उचलतो. तुझ्या लाखाच्या स्वल्पविरामाचं पान लिहायचं झालं तर ते फिटरचं पान आहे. वर शीर्षक “आकडे लाख-कोटीच्या गटात दाखवणे”, खाली चार पायऱ्या, आणि हातानं स्वल्पविराम दिल्यास बेरीज चुकते ही एक सूचना. लोकॅल, म्हणजे भाषा-देशाची ती निवड, काय असते हे दुसऱ्या पानावर. तिथे जायचा दुवा द्यायचा आणि थांबायचं.

पायऱ्या लिहिताना “वरच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे बटण दाबा” असं कधी लिहू नकोस. आमच्या रविवारच्या गटात एक दृष्टिहीन शिक्षक येतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, तोही ओपन सोर्सच, लावून ते आम्ही लिहिलेलं पान ऐकतात. एकदा ते म्हणाले, “हे वाक्य आलं की माझ्यासाठी पान तिथेच संपतं.” त्या दिवशी आम्ही सगळी पानं परत काढली, प्रत्येक ठिकाणी बटणाचं नाव शब्दांत लिहिलं आणि चित्रांना वर्णनं जोडली. त्यात एक गंमत कळली. नाव लिहिताना तीन ठिकाणी आमचं आम्हालाच कळेना, की नक्की कोणतं बटण म्हणायचं होतं. चित्राच्या आडोशाला अर्धवट समज लपून राहते.

आता मराठीचं. माझा जीव यात जास्त आहे, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या बडोद्याला या कामाची परंपरा आहे. ज्या कलाभवनात आज विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी भरते, ते सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकारानं सुरू झालं. तंत्राचं शिक्षण आपल्या भाषेत मिळालं पाहिजे, हा गज्जरांचा आग्रह होता. पुढे १९३१ साली बडोदा संस्थानानं राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांचा कोश छापला. एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी आणि इतर भाषांतले प्रतिशब्द. म्हणजे शब्द आधी ठरवायचे, चारचौघांत ठरवायचे आणि लिहून ठेवायचे, ही शिस्त इथे होती. सॉफ्टवेअरच्या भाषांतरात आज नेमकी हीच शिस्त कमी पडते. एका पानावर “जतन करा”, दुसऱ्यावर “साठवा”, तिसऱ्यावर “सेव्ह करा”. तिन्ही मराठी चांगलंच आहे. पण वाचणाऱ्याच्या पडद्यावरच्या बटणावर यातला एकच शब्द आहे, आणि तो सोडून बाकी दोन्ही त्याच्यासाठी चुकीचे.

म्हणून क्रम असा ठेव. आधी सॉफ्टवेअर मराठीत उघडून बघ, पडद्यावर कोणता शब्द आहे तो टिपून घे, आणि मदतपानात तोच वापर, तुला आवडो न आवडो. शब्द खटकत असेल तर तो मुळात बदलायला सुचव. लिब्रेऑफिसची भाषांतरं वेबलेटवर होतात आणि फायरफॉक्सची पॉन्टूनवर. दोन्हीकडे ब्राउझरमध्येच काम होतं आणि शब्द सुचवायची सोय असते. आम्ही कॅल्कमध्ये एक साधा तक्ता ठेवलाय: इंग्रजी शब्द, पडद्यावरचा मराठी शब्द, आणि तो का घेतला. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. सहा महिन्यांनी नवा माणूस येऊन तोच वाद उकरतो, तेव्हा तो रकाना दाखवला की पुढचं काम सुरू होतं.

भाषांतराच्या फाइलमध्ये मूळ वाक्य वर आणि आपलं खाली असतं. “%d” सारख्या खुणा जशाच्या तशा ठेवायच्या, कारण तिथे आकडा येणार असतो. मराठीसाठी एकवचन आणि अनेकवचन अशी दोन रूपं भरावी लागतात. “%d फाइल हटवली” आणि “%d फायली हटवल्या”. क्रियापदही बदलतं, हे विसरून अनेकजण दोन्हीकडे एकच वाक्य चिकटवतात आणि पडद्यावर “५ फाइल हटवली” उमटतं. मूळ इंग्रजी बदललं की आपल्या वाक्यावर “फझी” अशी खूण लागते आणि कुणी तपासून ती काढेपर्यंत साधारणपणे ते वाक्य वापरलंच जात नाही. मराठीत मधेच इंग्रजी वाक्य डोकावतं ते पुष्कळदा यामुळे. नवीन भाषांतराइतकंच या फझी वाक्यांवरून हात फिरवणं गरजेचं आहे. त्याला फार कमी लोक बसतात.

अजून एक बारीक गोष्ट, जी फक्त आपल्या डोळ्यांना कळेल. “ॲप” हा शब्द दोन प्रकारांनी टाइप होतो. पूर्वी अ, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग अर्धचंद्र असा तो बनवावा लागायचा. २००८ साली युनिकोडनं ॲ या अक्षराला स्वतःचा कोड दिला. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरला ते वेगळे. आमच्या एका मदतपानात “ॲप” शोधलं तर सापडेचना, आणि पान तर समोर उघडं! अर्धी पानं एका पद्धतीची, अर्धी दुसऱ्या. असंच “दऱ्या” आणि “सुऱ्या” मधल्या त्या वाकड्या र चं होतं. तोही दोन तऱ्हांनी टाइप केलेला सापडतो. गटानं एकच रीत ठरवावी आणि जुनं सगळं शोधून बदलावं. मराठी वाचणाऱ्याशिवाय जगात कुणालाही हे काम करता येणार नाही.

आणि सगळंच भाषांतरित करायच्या मागे लागू नकोस. शंभर पानांचं गाइड मराठीत आणायला निघालेले गट मी दहाव्या पानावर थकलेले पाहिले आहेत. तोवर मूळ गाइडची पुढची आवृत्ती आलेली असते. त्यापेक्षा मराठी माणूस जिथे खरोखर अडतो अशी दहा पानं आपणच सरळ मराठीत लिहावीत. लिनक्सवर मराठी टायपिंग कसं सुरू करायचं, इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी कळफलक यांतलं कुणाला काय सोयीचं, पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटली तर काय करायचं, आणि तुझा तो लाखाचा स्वल्पविराम. ही पानं इंग्रजीत कुणी लिहिलेली नसतील तर भाषांतर कशाचं करणार?

वेळेचं म्हणशील तर आठवड्याला दोन तास पुरतात, पण ते दर आठवड्याला हवेत. उत्तर यायला कधी दोन दिवस लागतात, कधी महिना. महिना झाला तर एक नम्र ओळ लिहून आठवण द्यायची. बदल नाकारला गेला तर कारण विचारायचं. बहुतेक वेळा कारण असतं आणि त्यातून त्या प्रकल्पाची रीत कळते. एखाद्या ठिकाणी कुणी खोचक बोललं, नवख्यांना हिडीसफिडीस करत असले, तर तिथे मन मारून राहू नकोस. चांगल्या माणसांचे प्रकल्प भरपूर आहेत. हिशेबाचं ज्ञान कामी येईल अशी जागा हवी असेल तर ग्नूकॅश बघ, किंवा मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट. जीएसटीची नोंद प्रत्यक्षात कशी पडते हे माहीत असलेलं माणूस डॉक्युमेंटेशन तपासायला बसलं, तर प्रोग्रॅमरला दिसणार नाही ते त्याला दिसतं.

रविवारी सकाळी दहाला आम्ही पाचसहाजण माझ्या वाडीतल्या घरी बसतो. तूही ये. कॅल्क गाइडमधलं आकड्यांच्या मांडणीचं प्रकरण काढून ठेवते, त्यात लाखाचा उल्लेख कुठे आहे का ते दोघी मिळून बघू. नसेल तर तुझी पहिली नोंद तिथेच बसून करू, आवृत्तीच्या आकड्यासकट. एकच्या सुमाराला सेवउसळ मागवतो, तेव्हा घरी जेवणाचं सांगून ये. लॅपटॉप आण, आणि ती अबक ट्रेडर्सची फाइल शनिवारीच बनवून ठेव.